आमची वाटचाल: बीडाचा चुरा आणि शेजारची विहीर

कुपवाड एमआयडीसीत आबांनी दोन लेथवर जॉबवर्क सुरू केलं. तयार पार्ट ट्रायक्लोरोत (ट्रायक्लोरोइथिलीन, तेल-ग्रीस काढायचं रसायन) बुडवला की तेल लगेच सुटायचं. काळं पडलेलं ट्रायक्लोरो शेडमागच्या खड्ड्यात जायचं. उडून जातं, असंच सगळे म्हणायचे. ती बादली मीही कितीदा ओतली आहे.

सगळं उडत नाही. पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असल्यानं ते मुरमातून झिरपत भूजलाच्या पातळीच्याही खाली उतरतं आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं विरघळत राहतं. शेजारच्या मळ्यातल्या विहिरीत ते निघालं. रिपोर्ट घेऊन मी त्या मळ्यातल्या काकांच्या ओट्यावर जाऊन बसलो. ते चिडले नाहीत. "मग आता प्यायचं काय?" एवढंच म्हणाले. आधी त्यांच्या पिण्याच्या पाण्याची सोय केली, मग उपाय शोधायला लागलो.

कॅनडात वॉटर्लू विद्यापीठाच्या रॉबर्ट गिलहॅम यांच्या गटानं १९९१ मध्ये लोखंडाचा चुरा आणि वाळू यांची भिंत जमिनीत, भूजलाच्या वाटेत पुरून पाहिली होती. पाणी तिच्यातून जाताना लोखंड गंजतं, इलेक्ट्रॉन देतं आणि ट्रायक्लोरोतला क्लोरीन सुटतो. मागे मुख्यतः इथीन, इथेन आणि क्लोराइड राहतं. हे वाचलं तेव्हा बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, चुरा आमच्याच लेथखाली पडला होता, भंगारात जायला निघालेला.

त्याच चुऱ्याची तशी भिंत घालायचं ठरवलं. पहिला लॉट वाया गेला. चुऱ्यावर कटिंग ऑइल होतं, पाणी कणाला भिडेचना. आता भट्टीत भाजून, चाळून घेतो. मूठभर चुरा बादलीत टाकायचा. तवंग आला की लॉट परत भट्टीत.

आता अशा भिंतींची कामं आम्ही घेतो, पण भिंत बारीक करून पैसे वाचवा म्हणणाऱ्यांचं काम घेत नाही. पाणी घाईनं निसटलं तर क्रिया अर्धवट राहते आणि व्हिनाइल क्लोराइड उरू शकतं, ते मूळ विषापेक्षा वाईट. शिवाय आपल्याकडे थोडं खणलं की काळा पाषाण. मुरमात चर मारता येतो, पाषाणात पाणी कुठल्या भेगेतून पळतंय ते आधी बोअर घेऊन शोधावं लागतं. त्यातच आमचे सर्वांत जास्त दिवस जातात.

काकांच्या विहिरीतल्या ट्रायक्लोरोचा आकडा उतरतोय, पण पिण्याजोगं पाणी अजून झालेलं नाही. दर तीन महिन्यांनी नमुना घ्यायला मीच जातो. बाटली काठोकाठ भरावी लागते; बुडबुडा राहिला तर ट्रायक्लोरो त्या हवेत निघून जातं आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. झाकण लावलं की काका बाटली माझ्या हातातून घेतात, उलटी करून उन्हात धरतात आणि बुडबुडा नाही ना, ते स्वतः बघतात.