महसीर मोजताना

निळ्या पराच्या महसीराचं पहिलं शास्त्रीय वर्णन साइक्स या इंग्रज अधिकारी-निसर्गअभ्यासकानं १८३९ साली केलं, तेही आपल्याच मुळा-मुठेतल्या माशावरून. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या मत्स्यबीज केंद्रात कित्येक दशकं या माशाची पिल्लं तयार करून पाण्यात सोडली जातायत. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो आता ‘संकटग्रस्त’ राहिलेला नाही. आनंद आहेच! पण सोडलेली पिल्लं मोजणं वेगळं आणि नदीतच जन्मलेली मोजणं वेगळं.

म्हणून पाऊस ओसरला की मी मुळेच्या वरच्या अंगाला जाते. मासा ओल्या हातानंच धरायचा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तोंडापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, मधल्या रेषेवरचे खवले (पंचवीसेक, पण केवढे मोठे!), एक फोटो, की लगेच पाण्यात. बोटभर, वीतभर, हातभर अशी सगळी मापं एकाच डोहात मिळाली, तर तिथं वीण होत असावी. एकाच मापाचे मिळाले, तर बहुधा सोडलेले.

टिलापिया हा बाहेरून आलेला मासा सापडला, तर तोही लिहून ठेवते. जाळं टाकणारे मामा विचारतात, “ताई, ह्यो कशापायी लिवता?” मामा, महसीराच्या पिल्लांचं खाणं अन् जागा त्यानंच व्यापली असेल, तर ते कळायला नको?