पेनी हातात आली की आधी वजन

औरंगजेबाचा खुजिस्ता बुनियाद टांकसाळीचा, म्हणजे आपल्या संभाजीनगरचाच, रुपया हाताळायची सवय असली की मध्ययुगीन इंग्लंडची चांदीची पेनी फारच किरकोळ वाटते. रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, जाडजूड. पेनी जेमतेम १.४ ग्रॅम, व्यास १८-१९ मिमी, पत्र्यासारखी पातळ. नाणं पाडायची रीत मात्र तीच: खालचा ठसा ठोकळ्यात पक्का, त्यावर चांदीची चकती, वरून हातातला ठसा आणि हातोड्याचा घाव.

फरक ठशाच्या मापात आहे. मोगली ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, म्हणून टांकसाळीचं नाव अर्धं बाहेर गेलं तरी रुपयात खोट धरत नाहीत. पेनीचा ठसा साधारण चकतीएवढाच. तिची कडेची अक्षरं गेलेली दिसली तर एक तर ठसा सरकला, नाहीतर कुणीतरी कडेची चांदी कातरून घेतली. ठसा सरकला असेल तर त्याच्या विरुद्ध टोकाला कोरी कड उरते आणि वजन भरतं. कातरलेली हलकी भरते. सराफ्यातला पॉइंट शून्य एक ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. कातरणाऱ्यांना आळा बसावा म्हणून १२४७ मध्ये तिसऱ्या हेन्रीच्या पेनीवर मागच्या बाजूचा क्रॉस पार कडेपर्यंत नेला. तरी कातरणं चालूच राहिलं, आणि १२७९ मध्ये पहिल्या एडवर्डने चलन नव्याने पाडलं.

सुरुवातीला हीच एडवर्डची, लंडन किंवा कँटरबरीची पेनी घ्यावी. ती भरपूर मिळते. खरी गंमतही तिच्यातच. पहिला, दुसरा, तिसरा, तिघांच्याही नाण्यांवर नुसतंच ‘एडवर्ड’, आणि चेहरा कुणाचाच खरा नाही. मग मुकुटाची घडण आणि अक्षरांची वळणं बघून राजा ओळखायचा. हे जमायला लागलं की माणूस सुटत नाही!

ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा बोथट असतात, दहापट भिंगातून बारीक भोकं दिसतात, कडेला कानस मारल्याच्या खुणा सापडतात. सपाट भाग दिसला म्हणून लगेच झिजलेलं म्हणू नये. घाव हलका बसला तरी तसंच होतं.

वाकलेली पेनी सरळ करू नका, जुनी चांदी ठिसूळ होते, तुकडा पडतो. चिंच, राख, पावडर काही लावू नका. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून काढा, मऊ कापडाने नुसतं टिपा, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवा.