मेल्फलानच्या दिवशीचा बर्फ आणि त्यानंतरची चव : माझा अनुभव

मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले तेव्हा माझे सगळे लक्ष खचलेल्या मणक्याकडे, हिमोग्लोबिनकडे आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनच्या आकड्याकडे होते. डॉक्टरांनी मात्र औषधांच्या यादीच्या वर, सगळ्यांत आधी, ‘दातांची तपासणी’ असे लिहून दिले. कारण विचारल्यावर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. हाडे बळकट राहावीत म्हणून झोलेड्रॉनिक ॲसिडचे सलाईन सुरू होणार होते, आणि ते सुरू झाल्यानंतर दात काढावा लागला तर क्वचित जबड्याची जखम भरत नाही व आतले हाड उघडे पडते. शिवाय पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या, म्हणजे मज्जा प्रत्यारोपणाच्या वेळी पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येणार होत्या, आणि त्या काळात किडलेला दात किंवा सुजलेली हिरडी म्हणजे जंतूंना रक्तात शिरायला उघडी वाट. त्यामुळे जे काही काढायचे, भरायचे, घासायचे ते आधीच उरकून घेणे भाग होते.

दंतवैद्यांनी पहिला प्रश्न तंबाखू, मशेरी आणि सुपारीचा विचारला. सुपारीची सवय मला होती, ती त्याच दिवशी सुटली. संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये एका जुन्या दाढेचे मूळ आत राहिलेले दिसले, ते काढले. दातांची सफाई झाली, आणि एका दाताची तुटून धारदार झालेली कड घासून गुळगुळीत करून दिली. ही शेवटची गोष्ट मला तेव्हा किरकोळ वाटली होती; पण तोंडातली त्वचा नाजूक झाल्यावर अशी एक कड गालाला सतत घासत राहिली असती तर काय झाले असते, हे पुढे वॉर्डात कळले. दाढेची जखम पूर्ण भरल्याचे पाहूनच हाडांचे सलाईन सुरू करण्यात आले.

ट्रान्सप्लांटच्या आधीचे काही महिने बोर्टेझोमिबचे पोटावरचे इंजेक्शन, लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल आणि डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळ्या अशा मायलोमावरच्या औषधांत गेले. या टप्प्यात तोंडाला फारसा त्रास झाला नाही. चहा तोंडात धरवेनासा झाला आणि पाणी थोडे कडवट लागू लागले, इतकेच. स्टेरॉइडमुळे तोंडात बुरशी वाढू शकते, म्हणून जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसतो का हे रोज आरशात पाहायला सांगितले होते. एकदा तसा थर दिसला तेव्हा क्लोट्रिमॅझोलचे तोंडाला लावायचे औषध दिले आणि तो आठवड्याभरात गेला. नागिणीचा किंवा तोंडातल्या हर्पिसचा विषाणू जागा होऊ नये म्हणून ॲसायक्लोव्हिरची गोळी चालूच होती. हर्पिसचे फोड आणि केमोथेरपीचे फोड दिसायला इतके सारखे असतात की एकावर दुसऱ्याचा उपाय होत राहतो, असे डॉक्टर म्हणाले होते.

गुळण्यांची सवयही याच काळात लावून घेतली. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा, हे पाणी रोज ताजे करायचे, आणि प्रत्येक खाण्यानंतर व झोपण्यापूर्वी त्याने चूळ भरायची. बाजारातली झणझणीत माउथवॉश त्यातल्या अल्कोहोलमुळे तोंड कोरडे करतात, म्हणून ती बंद केली. ब्रश अतिशय मऊ घेतला आणि पुदिन्याची तिखट पेस्ट सोडून लहान मुलांची सौम्य पेस्ट वापरू लागलो. यात काही औषधी चमत्कार नाही. मीठ-सोड्याच्या पाण्याने फोड टळतात असा पक्का पुरावा नाही, हेही मला स्पष्ट सांगण्यात आले होते. तोंड स्वच्छ व ओलसर राहते, लाळेचा आंबटपणा कमी होतो, आणि तेवढ्यासाठीच ते करायचे. उपायाची मर्यादा आधीच माहीत असली की तो करताना मनात खोट्या आशा राहत नाहीत, आणि मला तरी ते बरे वाटते.

खरा प्रश्न होता तो मेल्फलान या केमोथेरपीच्या औषधाचा. ट्रान्सप्लांटपूर्वी हे औषध फार मोठ्या मात्रेत, साधारणपणे शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २०० मिलिग्रॅम या हिशेबाने, शिरेतून दिले जाते. ते मज्जेतल्या पेशी मारते, तसेच तोंडातल्या आणि आतड्यातल्या भराभर वाढणाऱ्या अस्तराच्या पेशीही मारते. तोंडातले हे अस्तर सोलवटून जे घाव होतात त्यांना म्युकोसायटिस म्हणतात. तो तीव्र झाला तर रुग्णाला घोटभर पाणीही गिळता येत नाही, सलाईनमधून अन्न द्यावे लागते आणि वेदनेसाठी मॉर्फिन लागते. मात्र मेल्फलान रक्तात फार वेळ टिकत नाही, त्याचे प्रमाण काही तासांतच उतरते. तेवढ्या वेळात तोंड बर्फाने गार ठेवले तर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, अस्तरापर्यंत कमी रक्त पोहोचते आणि म्हणून औषधही कमी पोहोचते. इतका साधा तर्क आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, ४० रुग्णांच्या एका अभ्यासात बर्फ चघळणाऱ्यांपैकी १४ टक्के रुग्णांना तीव्र म्युकोसायटिस झाला, तर साध्या सलाईनच्या पाण्याने गुळण्या करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ७४ टक्के होते. अभ्यास लहान असला तरी फरक मोठा आहे, आणि आज या औषधाबरोबर बर्फ देण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे.

बर्फ बाहेरचा चालणार नव्हता. उकळून गाळलेल्या पाण्याचा, झाकणाच्या ट्रेमध्ये लावलेला बर्फ रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून थर्मासमध्ये भरून आला. सिस्टरांनी आदल्या संध्याकाळीच बजावले होते की मोठे खडे घ्यायचे नाहीत, टोकदार तुकडा गालाला ओरखडा काढतो. चुरा किंवा थोडे विरघळून कडा गोल झालेले तुकडेच घ्यायचे. औषध सुरू होण्याच्या सुमारे अर्धा तास आधी पहिला चमचा तोंडात घेतला. सुरुवातीची मिनिटे चैनीची वाटली. त्यानंतर दातांत कळा येऊ लागल्या, कपाळ दुखू लागले, आणि औषधाची पिशवी लावली तेव्हा तर अंगात हुडहुडी भरली होती. पत्नीने शाल पांघरली आणि मोबाइलवर वेळ लावला. बर्फ एका गालात धरून बसणे उपयोगाचे नसते. तो जिभेखाली, दोन्ही गालांत, ओठांच्या आत आणि टाळूला असा सगळीकडे फिरवत राहावा लागतो. मी मध्येच काही विचारायला तोंड उघडले तर सिस्टर म्हणाल्या, “काका, गप्पा उद्या. आत्ता फक्त बर्फ.” पिशवी संपल्यावरही बर्फ चालूच ठेवायचा होता. जीभ इतकी बधिर झाली होती की तुकडा संपला की नाही हे कळत नसे, आणि पत्नी पुढचा चमचा तयार ठेवून माझ्या चेहऱ्याकडे पाहत बसलेली असे.

हा उपाय सगळ्यांसाठी नाही, हे इथे मुद्दाम लिहितो, कारण वॉर्डाच्या कॉरिडॉरमध्ये एकमेकांचे ऐकून उपाय करण्याची आपल्याकडे फार खोड असते. बर्फाचा उपयोग थोड्या वेळात दिल्या जाणाऱ्या आणि लवकर उतरणाऱ्या औषधांपुरताच आहे. ल्युकेमियामध्ये सायटाराबिनचे सलाईन दिवसरात्र आठवडाभर चालते, तेव्हा कोणी तितका वेळ बर्फ चघळू शकत नाही. आणि आतड्याच्या कर्करोगासाठी ऑक्सॅलिप्लॅटिन घेणाऱ्यांना तर थंड पदार्थ वर्ज्य असतात, कारण गार पाण्यानेही त्यांच्या घशात विचित्र आवळल्यासारखे होते. काही केंद्रांत ट्रान्सप्लांटच्या रुग्णांना तोंडात लाल प्रकाशाचे सौम्य लेझरही देतात, त्याचीही शिफारस आहे. मला ते मिळाले नाही, त्यामुळे त्याबद्दल अनुभवाने काही सांगता येणार नाही.

आधीच काढून साठवलेल्या माझ्याच मूळपेशी, म्हणजे नव्या रक्तपेशी तयार करणाऱ्या पेशी, शरीरात परत सोडण्याचा दिवस चवीच्या दृष्टीने सगळ्यांत विलक्षण ठरला. गोठवलेल्या पेशींत डीएमएसओ नावाचे द्रव्य असते आणि ते श्वासावाटे बाहेर पडते. पिशवी सुरू होऊन मिनिटही झाले नसेल, तोच घशाशी लसणाची आणि उकडलेल्या मक्याची मिसळलेली चव आली. सिस्टरांनी त्याआधीच लिमलेटची गोळी जिभेवर ठेवायला दिली होती, तिचा खरोखर उपयोग झाला. मला स्वतःला तो वास तासाभराने जाणवेनासा झाला, पण खोलीत येणारा प्रत्येक जण दुसऱ्या दिवशीपर्यंत दारातच थबकत होता.

त्यानंतरच्या आठवड्यात तोंडाची कसोटी लागली. रोज सकाळी निवासी डॉक्टर टॉर्च घेऊन तोंड पाहत आणि शून्य ते चार यांपैकी एक श्रेणी फाइलवर लिहीत. शून्य म्हणजे काही नाही, दोन म्हणजे घाव आहेत पण घन अन्न जाते, तीन म्हणजे फक्त पातळ, आणि चार म्हणजे तोंडावाटे काहीच नाही. माझ्या गालांच्या आत लाली आली, खालच्या ओठाच्या आत दोन छोटे घाव झाले, आणि मी दोनच्या वर गेलो नाही. घसा मात्र चांगलाच सोलवटला, जुलाबही झाले. बर्फ पोहोचतो तोंडापर्यंतच. अन्ननलिका आणि आतडे त्याच्या आवाक्याबाहेर असतात, हे आधी सांगितलेले असल्यामुळे मी घाबरलो नाही. गिळण्यापूर्वी बधिर करणारे लिडोकेनचे जेल घोळवायला देत. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट फार खाली गेल्या तेव्हा ब्रश बंद करून ओल्या गॉजने दात पुसायला सांगितले.

नातेवाइकांचे फोन याच दिवसांत वाढले. कोणी मध लावायला सांगत होते, कोणी तुपाचे बोट, कोणी हळदीची गुळणी, कोणी ज्येष्ठमधाची कांडी. सगळ्यांचा हेतू चांगला होता, आणि एरवी तोंड आले असते तर मीही यातले काही केले असते. पण पांढऱ्या पेशी नसताना न शिजवलेली, निर्जंतुक नसलेली कोणतीही वस्तू घावावर लावणे धोक्याचे असते. आहारतज्ज्ञ मॅडमनी घरून आलेला मेतकुटाचा डबासुद्धा परत पाठवला. मऊ भात चालेल, पण त्यावर वरून भुरभुरलेली, पुन्हा न शिजवलेली पूड चालणार नाही. मेतकूट-भाताशिवाय आजारपण कसे काढायचे हा प्रश्न माझ्या पत्नीला त्या क्षणी मेल्फलानपेक्षा मोठा वाटला असावा.

तोंड अशा प्रकारे बरेचसे वाचले, चव मात्र वाचली नाही. चव ओळखणाऱ्या पेशी दर काही दिवसांनी नव्याने तयार होत असतात आणि केमोथेरपी त्यांनाही गाठते. त्यात लाळ आटली की पदार्थ विरघळून त्या पेशींपर्यंत पोहोचतच नाही. चव जाऊ नये यासाठी खात्रीचा उपाय माझ्या डॉक्टरांकडे नव्हता. झिंकच्या गोळ्यांबद्दल विचारले तेव्हा अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत असे सांगून त्यांनी त्या दिल्या नाहीत. पोळी ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायची, गोड असह्य गोड लागायचे आणि वरणात मीठ आहे की नाही हे कळत नव्हते. म्हणून मी वरून मीठ मागे, आणि पत्नी देत नसे, तेच योग्य होते.

चव परत आणता येत नसली तरी जेवण पोटात जाईल इतपत वळणावर आणता येते. धातूसारखी चव जाणवत असल्याने स्टीलची ताटवाटी बाजूला ठेवून चिनी मातीची वाटी आणि प्लास्टिकचा चमचा घेतला. फोडणीच्या वासानेच मळमळत असे, म्हणून स्वयंपाक चालू असताना मी गॅलरीकडच्या खोलीत बसू लागलो आणि जेवण कोमट किंवा गार घेऊ लागलो. गार अन्नाला वास कमी येतो. दूध घालून शिजवलेले नाचणीचे सत्त्व, मुगाचे कढण, तांदळाची पेज आणि अंडे घालून केलेला मऊ भात यांवर वजन टिकले. आमसुलाचे सार धातूची चव मोडते, पण घाव असताना ते झोंबते; घाव भरल्यावरच ते ताटात आले, आणि पहिल्यांदा काहीतरी ओळखीचे लागले ते तेच. आंबट आधी परतले, मग खारट. गोडाला सर्वांत जास्त वेळ लागला. दोन-तीन महिन्यांनंतर जेवण पुष्कळसे पूर्ववत झाले, तरी चहा आजही मला पूर्वीसारखा लागत नाही आणि मी कॉफी पितो.

आता लेनालिडोमाइडची लहान मात्रा आणि हाडांचे सलाईन चालू आहे. दर सहा महिन्यांनी दंतवैद्यांकडे जातो आणि प्रत्येक वेळी झोलेड्रॉनिक ॲसिडचे नाव व शेवटच्या सलाईनची तारीख लिहिलेला कागद आधी त्यांच्या हातात देतो. दात हलला, हिरडीतून पांढरे कठीण काही दिसले किंवा हनुवटी बधिर वाटली तर दात काढण्याचा निर्णय कर्करोगाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घ्यायचा नाही, असे दोघांनीही सांगितले आहे. गेल्या तपासणीत वरच्या एका दाढेत कीड निघाली. दाढ काढण्याऐवजी रूट कॅनाल करून जागेवरच ठेवण्याचे ठरले असून ते काम पुढच्या आठवड्यात आहे.