पाटीवरची बाग

सकाळी न्यू जर्सी टर्नपाइकवर एलिझाबेथ शहराच्या आसपास गाडी अडकली, की वाचायला समोर एकच मजकूर असतो. पुढच्या गाडीची नंबरप्लेट. तिच्या तळाशी लिहिलेलं असतं, ‘गार्डन स्टेट’. एका हाताला कंटेनरच्या थप्प्या, दुसऱ्या हाताला विमानतळ, पुढे तेलाच्या टाक्या. यात बाग कुठं, हे मी वीस वर्षं शोधते आहे.

ही शंका माझ्या एकटीची नाही. 1954 साली विधिमंडळाने हे शब्द नंबरप्लेटवर घालायचं ठरवलं, तेव्हा गव्हर्नर रॉबर्ट माइनर यांनी सही करायला नकार दिला. शेती-बागायत म्हणजेच काय न्यू जर्सी, इथे बाकीचे उद्योगधंदेही आहेत, असं त्यांचं म्हणणं. विधिमंडळाने त्यांना न जुमानता कायदा केलाच. या बाईसाहेबांना रोज ट्रॅफिकमध्ये वाचायला काहीतरी लागेल, एवढा विचार त्यांनी केला हे बरं.

प्लेटवरून मग राज्याच्या इतर चिन्हांचा नाद लागला. आपल्याकडे शेकरू, हरियाल, ताम्हण एवढ्यावर बरीच वर्षं निभावलं. पापलेट राज्यमासा झाला तो अगदी अलीकडे, 2023 साली, आणि आमच्या घरच्या कोकणी बाजूने सुरमईवर अन्याय झाल्याचं जाहीर केलं. न्यू जर्सीची यादी मात्र लग्नाच्या रुखवतासारखी लांबतच जाते. पक्षी आहे, कासव आहे, शंख आहे, शिडाचं जहाज आहे. नाही ते फक्त राज्यगीत. 1972 साली विधिमंडळाने एक गाणं मंजूर केलं होतं, पण तेव्हाच्या गव्हर्नरांची सही काही झाली नाही. सह्यांचं आणि इथल्या गव्हर्नरांचं काहीतरी आहे.

पक्षी म्हणजे गोल्डफिंच. उन्हाळ्यात नर असा पिवळाधमक होतो की हळदीला बसवल्यासारखा दिसतो, आणि थंडीत ओळखूही येत नाही. पण आयोवा आणि वॉशिंग्टन या राज्यांनीही तोच धरलाय. राज्यकीटक मधमाशी तर डझनाहून जास्त राज्यांत वाटली गेली आहे. शिवाय ती मूळची इथली नाहीच, युरोपातून आलेल्या लोकांनी आणलेली. 1974 साली हॅमिल्टनच्या एका शाळेतल्या मुलांनी तिच्यासाठी हट्ट धरला आणि बाहेरून आलेली मधमाशी अधिकृत जर्सीकर झाली. आम्हाला ग्रीनकार्डाला अकरा वर्षं लागली.

या यादीमागे बरेचदा अशी शाळकरी पोरंच असतात. 1991 साली डायनोसॉरलाही पोरांनीच राज्यचिन्ह करून घेतलं. हॅड्रोसॉरस त्याचं नाव. हॅडनफिल्डच्या एका शेतकऱ्याला खत म्हणून माती खणताना मोठाली हाडं सापडली. त्याने ती घरात मांडून ठेवली, आणि आल्यागेल्या पाहुण्यांनी आठवण म्हणून एकेक उचलून नेलं. वीसेक वर्षांनी, 1858 साली, विल्यम फौल्क या जीवाश्मांच्या हौशी अभ्यासकाच्या कानावर ही गोष्ट गेली, त्यांनी पुन्हा खणायला लावलं आणि सांगाड्याची बरीच हाडं वर आली. 1868 मध्ये फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात तो उभा केला. जगात डायनोसॉरचा सांगाडा असा उभा राहण्याची ती पहिलीच वेळ. फक्त त्याची कवटी सापडली नाही, आजतागायत नाही. तेव्हा अंदाजाने प्लास्टरचं डोकं बसवून दिलं. खरं डोकं एखाद्या पाहुण्याच्या परसात दगड म्हणून पडलं असेल, असं मला उगीचच वाटतं. आता हॅडनफिल्डच्या भर बाजारात त्याचा पुतळा आहे. डोकं अर्थातच शिल्पकाराच्या मनचं.

राज्यफळ ब्लूबेरी. हे फळ ‘पाइन बॅरन्स’मधलं, म्हणजे ज्या रेताड, आंबट जमिनीला लोकांनी नावच नापीक असं ठेवलं होतं, तिथलं. एलिझाबेथ व्हाइट या क्रॅनबेरीवाल्याच्या मुलीने रानात हिंडणाऱ्या लोकांच्या हातात भोक पाडलेली एक पट्टी दिली. भोक साधारण 16 मिलिमीटरचं. ज्या झुडपाचं फळ त्यातून खाली पडणार नाही, ते झुडूप दाखवा आणि पैसे घ्या. झुडपाला नावही शोधणाऱ्याचं. फ्रेडरिक कोव्हिल या शास्त्रज्ञाबरोबर तिने त्या झुडपांचे संकर केले आणि 1916 साली लागवडीची पहिली ब्लूबेरी बाजारात गेली. बाग सापडली म्हणायची, पण पाटीवाल्यांच्या मनातली ही नसावी.

त्याच 1916 साली, एडिसन गावाहून पंधरा मिनिटांवर असलेल्या रटगर्स विद्यापीठात, सेल्मन वॅक्समन यांनी इथल्या मातीतला एक जंतू वेगळा करून त्याची नोंद केली. स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस. पुढे 1943 मध्ये त्यांचा विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ तळघरातल्या प्रयोगशाळेत दिवसरात्र बसला. त्याच्याकडे या जंतूचे दोन वाण होते, एक खत घातलेल्या शेतातल्या मातीतला, दुसरा कोंबडीच्या घशातला. त्यातून निघालं स्ट्रेप्टोमायसिन, क्षयावर लागू पडलेलं पहिलं औषध. याच कामातल्या एलिझाबेथ ब्यूजीचं नाव शोधनिबंधावर आहे, पेटंटवर नाही. शॅट्झ कोर्टात गेला, तडजोड झाली, पण 1952 चं नोबेल एकट्या वॅक्समनना मिळालं. जंतूला मात्र 2019 मध्ये राज्यजंतूचा मान मिळाला. मी ती बातमी वाचून हसत सुटले, आणि मग थोरले काका आठवले.

काका विशीत असताना मिरजेला महिनोन्‌महिने खाटेवर होते. त्यांच्या आत्याला हाच रोग दहा वर्षांपूर्वी झाला होता, तेव्हा तिच्या वाट्याला मोकळी हवा, दूध आणि अंडी एवढंच आलं. ती गेली. काकांच्या वेळेला इंजेक्शनं निघाली होती. पिंपरीच्या कारखान्यात हे औषध बनायला अजून अवकाश होता, ते परदेशातून यायचं आणि सोन्याच्या भावाने मिळायचं. आजीच्या पाटल्या त्यात गेल्या. काका उठले, नोकरीला लागले, लग्न झालं, चौऱ्याऐंशी वर्षं जगले. त्या औषधाने कान जातात. काकांचेही मंदावले. काकू मात्र काका असेपर्यंत म्हणायच्या, ‘मला त्यांचं सगळं माहितेय, भाजी आणायची म्हटली की तेवढं बरोबर ऐकू येत नाही.’

परवा शनिवारी सकाळी मागच्या अंगणात टोमॅटोच्या वाफ्याशी बसले होते. तीन आठवडे पाण्याचा थेंब नव्हता. अचानक सर आली आणि तो वास उठला. त्या वासामागच्या द्रव्याला जिओस्मिन म्हणतात, आणि 1965 साली त्याला हे नाव दिलं तेही रटगर्समध्येच. ते मातीत तयार करतात ही स्ट्रेप्टोमायसिस मंडळी, आमचे राज्यजंतूही त्यांतलेच.

हात न धुताच सांगलीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. काकू आता नव्वदीला टेकल्यात, काका जाऊन सात वर्षं झाली, पण त्यांच्यामुळे लागलेली मोठ्याने बोलायची सवय गेलेली नाही.

“काकू, पाऊस आला इकडे.”

“मातीला वास येतो का गं तिकडच्या?” त्या एवढ्याने ओरडल्या, की मी फोन कानापासून हातभर लांब धरला.