बाऊन्स झाल्यावर पुढचे दोन सेकंद

लँडिंग शिकणारे सगळे चाकं टेकायच्या क्षणाला घाबरतात, पण मला इन्स्ट्रक्टर म्हणून उजव्या सीटवर बसून खरी काळजी असते ती टेकल्यानंतरची. सेस्ना १७२ या छोट्या ट्रेनिंग विमानाचंच घ्या, फायनलला, म्हणजे रनवेच्या रेषेत खाली येताना, स्पीड ६५ नॉट्स हवेत आणि आले ७५, तर वाटतं दहाच तर जास्त आहेत, पण एनर्जी स्पीडच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती तब्बल ३३ टक्के जास्त झाली. मग विमान ग्राउंड इफेक्टमध्ये, म्हणजे जमिनीलगत ड्रॅग कमी होतो तिथे, तरंगतच राहतं, बसायचं नावच घेत नाही, रनवे संपत चाललेला दिसतो आणि स्टुडंट नाक खाली ढकलतो. नोजव्हील आधी आपटतं, विमान उसळतं.

बिघडतं ते इथून पुढे. उसळल्यावर घाबरून परत नाक दाबलं की दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी, कारण तुमचा हात हलेपर्यंत विमान उलट्या दिशेला निघालेलं असतं. नोजगिअर मोडतो, प्रॉपेलर रनवेला घासतो तो असाच. उसळी छोटी असेल तर नाक लँडिंगच्या पोझिशनला धरा, लागली तर थोडी पॉवर द्या आणि बसू द्या. मोठी असेल तर गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून फुल पॉवरने परत वर, विचार करत बसू नका.

आणि गो-अराउंडमध्येच मी स्टुडंटचे पाय बघतो. डाव्या हाताने योक (कंट्रोल व्हील) घट्ट आवळलेलं, उजव्याने थ्रॉटल फुल पुढे, आणि उजवा पाय रडरच्या (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या) पेडलवर नुसता ठेवलेला! फुल पॉवर, कमी स्पीड, म्हणजे नाक वर उठणार आणि डावीकडे ओढणार, सेंटरलाइन सुटून समोर गवत दिसायला लागतं. मग ते योक उजवीकडे फिरवतात, त्याने ॲडव्हर्स यॉ होऊन, म्हणजे डाव्या पंखाचा ड्रॅग वाढून, नाक अजूनच डावीकडे जातं, आणि स्टॉल, म्हणजे पंखांची लिफ्ट तुटणं, जवळच असतो. राइट रडर दाबा, ट्रिम (योकवरचा जोर कमी करणारी सेटिंग) विरोध करत असली तरी नाक वर जाऊ देऊ नका, फ्लॅप्स (पंखांमागे खाली सोडलेल्या पट्ट्या) आधी २० अंशांवर आणा, बाकीचे स्पीड आल्यावर हळूहळू, एकदम सगळे काढले तर विमान खाली बसतं.

आपल्याकडे गो-अराउंडची प्रॅक्टिस बहुतेक वेळा बऱ्यापैकी उंचीवरून होते, जिथे वेळच वेळ असतो. ती फ्लेअरमधून, म्हणजे टेकायच्या आधी नाक उचलतो तिथून, करायला मागा, इन्स्ट्रक्टर बाजूला असतानाच, आणि सोलोच्या आधी.