पूर्ण एक मिनिट

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

उद्या सकाळी सातची ड्युटी, पहिली. झोप येत नाहीये म्हणून वही घेऊन बसले. गेल्या चार महिन्यांत या वहीत नुसत्या एक-एक ओळी आहेत, "आज दोन ठिकाणी जाऊन आले", "कळवतो म्हणाले", "परत नाही". नीट असं काही लिहिलंच नाही, कारण लिहायला बसले असते तर रडत बसले असते. आज मात्र सगळं लिहून ठेवायचंय, पुढे विसरून जाईन.

रजिस्ट्रेशन नंबर आला त्या दिवशी तो कागद मी उशाखाली ठेवून झोपले होते. प्रॅक्टिकल नर्स म्हणून माझं नाव खरोखरच्या रजिस्टरमध्ये आहे, माझा नंबर आहे, याचंच किती अप्रूप होतं. सगळे म्हणायचे नर्सला काय कमी, नर्सेस सगळीकडे हव्याच असतात. आणि ते खोटं नाहीये, जाहिराती असतात ढीगभर, पण जवळपास प्रत्येक जाहिरातीत खाली ती एक ओळ असतेच, किमान २ वर्षांचा अनुभव. पहिले काही दिवस मी ती ओळ वाचली की जाहिरात सोडूनच द्यायचे, मग लक्षात आलं की असं केलं तर अर्ज करायला जागाच उरत नाही, म्हणून सगळीकडे पाठवायला लागले. वहीच्या मागच्या पानावर मोजलेत, ३१ अर्ज, त्यातल्या ६ ठिकाणाहून फोन, बाकीच्यांनी साधं नाही म्हणूनसुद्धा कळवलं नाही.

मधेच एकदा आमच्या कोर्सच्या मॅडमना फोन केला. सहजच केला म्हणाले पण त्यांना आवाजावरून कळलं असणार. त्या म्हणाल्या बायोडाटा पाठव बघू. पाठवला. अर्ध्या तासात परत फोन, "अगं यात तू कुठेच नाहीयेस." मी लिहिलं होतं मेहनती, प्रामाणिक, शिकायची आवड, टीममध्ये काम करायची तयारी. त्या म्हणाल्या हे सगळेच लिहितात, तू पोस्टिंगला (शिकताना वॉर्डात काम करायला पाठवतात ते) काय केलंस ते लिही, कुठल्या वॉर्डात किती आठवडे, किती पेशंट बघायचीस, कोणती ड्रेसिंग्ज स्वतः केलीस, कोणती नुसती बघितलीस, इन्सुलिन किती जणांना दिलंस, कॅथेटर (लघवीची नळी) केअर केलीस का, राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून, फीड दिलंस का. मग मी जुनी प्रोसिजर बुकं काढून बसले आणि लिहिता लिहिता मलाच आश्चर्य वाटायला लागलं, एवढं सगळं या हातांनी केलंय आणि मी सगळ्यांना सांगत फिरतेय की मी फ्रेशर, मला काहीच अनुभव नाही.

मॅडमनीच आम्हाला पॅट्रिशिया बेनर शिकवली होती. १९८४ मध्ये तिने नर्सच्या पाच पायऱ्या मांडल्या, अगदी नवशिकी, मग थोडी पुढची, मग सक्षम, मग निपुण, मग तज्ज्ञ. त्यातली तिसरी पायरी साधारण एकाच प्रकारच्या कामात २-३ वर्षं काढली की येते. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, आता जाहिराती वाचताना त्याचा अर्थ लागला. दोन वर्षं अनुभव मागणाऱ्यांना तिसऱ्या पायरीवरची तयार नर्स हवी असते. ती हवी असणं चुकीचं नाही, पण पहिल्या दोन पायऱ्या तिने कुठे चढायच्या, कोणीतरी तर तिला हात धरून चढवलंच पाहिजे ना. मला याचा खरंच राग येतो. सगळ्यांना शिकलेली हवी, शिकवायला वेळ कोणाला नाही.

आणि जिथे अनुभव लागत नाही म्हणतात तिथे काय असतं तेही बघितलं. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) पंधरा मिनिटांत "उद्यापासून या" म्हणाले. मला इतका आनंद झाला की आधी काही विचारायचं सुचलंच नाही. मग हळूहळू बाहेर आलं. पहिले तीन महिने ट्रेनिंग म्हणून पगार नाही, ओरिजिनल सर्टिफिकेट्स ऑफिसमध्ये जमा करायची, मधे सोडलं तर पैसे भरून द्यायचे, आणि नाइटला पूर्ण मजल्यावर एकटीच. मी विचारलं सीनियर सिस्टर कोण असतील नाइटला, तर म्हणे फोनवर असतील. घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल घे, निदान सुरुवात तरी होईल. ती पोळपाट बाजूला सारून म्हणाली, "फुकट राबशील एक वेळ, पण रात्री एखाद्याचं काही बरंवाईट झालं तर तू कोणाकडे बघणार?" मी नाही गेले. तेव्हा तिसरा महिना चालू होता, नाही म्हणताना हात थरथरत होते, पण त्या निर्णयाचा आजही पस्तावा नाही. ओरिजिनल कागद कोणाकडे ठेवायचे नाहीत, झेरॉक्स द्यायची आणि ओरिजिनल समोर दाखवून परत घ्यायचं, हे मी आता प्रत्येक ज्युनियरला सांगणार आहे.

आता त्या इंटरव्ह्यूबद्दल, जिथे उद्या जायचंय. वृद्धांचं दीर्घकालीन काळजी केंद्र आहे. मेट्रन मॅडम आणि अजून एक सिस्टर होत्या. कागद सगळे शांतपणे बघितले, हेपेटायटिस बीचे डोस विचारले (३ असतात, ०, १ आणि ६ महिन्यांनी, माझे दोनच झालेत), बीएलएसचं (श्वास किंवा हृदय थांबलं तर करायच्या प्राथमिक उपचारांचं) सर्टिफिकेट बघितलं. मग एक कोरा कागद पुढे केला, ५०० एमएल सलाइन ४ तासांत द्यायचंय, सलाइनच्या नळीचा सेट २० थेंबांना १ एमएलचा, मिनिटाला किती थेंब? पाचशे गुणिले वीस, भागिले दोनशे चाळीस, ४२ थेंब. हे आलं. मग विचारलं, पेशंटची सकाळची बीपीची गोळी ड्यू आहे आणि मशीनवर बीपी ९०/६० दाखवतंय, काय कराल? मी म्हणलं गोळी देणार नाही, आधी कफ (बीपी मोजायला दंडाला गुंडाळतात तो पट्टा) बघेन, हाताला मोठा कफ लावला असेल तर रीडिंग खोटं कमी येतं, मग हाताने परत बीपी घेईन, आदल्या दिवसाची रीडिंग्ज बघेन, चक्कर येतेय का विचारेन, आणि इन्चार्जना सांगेन, त्या डॉक्टरांशी बोलून जे सांगतील ते करेन आणि सगळं चार्टवर लिहीन. मॅडम म्हणाल्या, स्वतःच्या मनाने गोळी बंद का नाही करणार? मी म्हणलं तो निर्णय माझ्या हद्दीतला नाही, थांबवणं आणि कळवणं माझं काम. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं लिहून घेतलं, आणि मला वाटलं गेलं आता.

मग तो प्रश्न आलाच. "अनुभव काहीच नाही?"

आधीच्या पाच इंटरव्ह्यूंमध्ये मी इथे मान खाली घालून नाही म्हणलं होतं. या वेळी काय झालं माहीत नाही, मला मेडिकल वॉर्डातल्या त्या आजी आठवल्या आणि मी त्यांचंच सांगायला लागले.

दुसऱ्या वर्षाच्या पोस्टिंगला होत्या त्या आजी. पडल्या म्हणून ॲडमिट झालेल्या, बोलायच्या कमी, तक्रार काहीच नाही. चार्टवर श्वासाच्या रकान्यात सगळीकडे २०, सकाळी २०, दुपारी २०, रात्री २०. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० नॉर्मल, त्यामुळे कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. आम्हाला शिकवलं होतं की पेशंटला सांगून श्वास मोजायचा नाही, सांगितलं की माणूस वेगळा श्वास घ्यायला लागतो, नाडी मोजून झाली तरी मनगट हातात तसंच धरून ठेवायचं आणि नजर छातीवर ठेवायची, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. मी मोजला, आला २८. मला वाटलं माझंच चुकलं. परत मोजला, परत २८. ताप नव्हता. आजी थोड्या गोंधळल्यासारख्या बोलत होत्या, मला त्यांच्या नातीच्या नावाने हाक मारत होत्या. मी स्टुडंट, चार्टवर तीन दिवस २० लिहिलेलं, सीनियर सिस्टरना कसं सांगायचं, दोन मिनिटं नुसती उभीच राहिले दारात. मग सांगितलं, जसं शिकवलं होतं तसं, एसबार पद्धतीने, आत्ता काय होतंय, आधीचं काय आहे, मला काय वाटतंय आणि तुम्ही काय करावं असं वाटतं. (ही पद्धत मुळात अमेरिकेच्या नौदलातल्या पाणबुड्यांवरून आली, घाईत थोडक्यात आणि काही न विसरता सांगायला.) सिस्टर लगेच आल्या, ऑक्सिजन बघितला तर कमी, डॉक्टरांना बोलावलं, एक्स-रे झाला, न्यूमोनिया निघाला. म्हाताऱ्या माणसांत ताप नसला तरी तो असू शकतो, बऱ्याचदा आधी श्वास वाढतो आणि गोंधळ दिसतो. आजी बऱ्या होऊन घरी गेल्या.

एवढं सांगून मी थांबले. मेट्रन मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "अजूनही पूर्ण मिनिट मोजता?" मी हो म्हणलं. त्यांनी शेजारच्या सिस्टरकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा.

त्या वाईट जागेनंतर मी प्रश्न लिहूनच ठेवले होते, तेच काढले. स्वतःचे पेशंट मिळायच्या आधी किती दिवस कोणाबरोबर असेन? २ आठवडे, या सिस्टरबरोबरच. लागलं तर वाढवून मिळतील? मिळतील, पण तुम्ही सांगायला हवं. नाइटला इन्चार्ज बिल्डिंगमध्ये असतात की फोनवर? बिल्डिंगमध्ये. एका शिफ्टला एका नर्सकडे किती जण? आकडा सांगितला, जास्त आहे, पण लपवला नाही. पगार मी सगळ्यात शेवटी विचारला, तो आधी विचारायला हवा होता असं आता वाटतं, त्यात लाजण्यासारखं काय आहे.

बुधवारी फोन आला. मी गच्चीत कपडे काढत होते, ओंजळभर क्लिपा हातात, तशाच खाली पडल्या सगळ्या.

बॅचमधल्या मैत्रिणींना सांगितलं तर दोघी-तिघी म्हणाल्या, "अगं, वृद्धांकडे? तिथे काय शिकायला मिळणार, आयसीयूसाठी थांबायचं होतंस." त्यांचं प्रेम आहे माझ्यावर, पण हे बोलणं मला लागलं. आणि मला ते पटतही नाही. तिथे एकेका माणसाला दहा-दहा गोळ्या असतात, मधुमेह असतो, बेडसोअर (एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमा) असतात, कॅथेटर असतात, गिळता येत नाही म्हणून ट्यूब असते, आणि त्यातल्या कित्येकांना आपल्याला काय होतंय ते सांगताच येत नाही. ते आपण बघून ओळखायचं. ज्याला स्वतःहून कुशीवर वळता येत नाही त्याला वेळेवर वळवलं नाही तर माकडहाडावर आधी नुसती लाली येते, दाबली तरी न जाणारी, आणि तेव्हाच पकडली नाही तर पुढे महिनोन्महिने जखम. ती लाली बघणारी नर्स कमी शिकलेली कशी?

भीती मात्र आहे, सगळ्यात जास्त औषधांच्या राउंडची. कोर्समध्ये आम्ही म्हणायचो बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर डोस, बरोबर मार्ग, बरोबर वेळ, ते पाठ आहे, पण शुक्रवारी तिथे जाऊन बघून आले तर सिस्टरनी एकच गोष्ट सांगितली आणि ती डोक्यातून जात नाहीये. म्हणाल्या, इथे कोणाला "तुम्ही अमुक का?" असं कधी विचारू नका. स्मृतिभ्रंश असलेलं माणूस कुठल्याही नावाला हो म्हणतं, हसून म्हणतं. "तुमचं नाव काय" असं विचारायचं, आणि काहीही उत्तर आलं तरी हातातला बँड आणि चार्टवरचा फोटो बघायचाच. आणि गिळता येत नाही म्हणून प्रत्येक गोळी कुटायची नाही, काही गोळ्या हळूहळू विरघळायला बनवलेल्या असतात, त्या कुटल्या तर दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो. कुठल्या कुटायच्या नाहीत त्याची यादी ट्रॉलीच्या आत चिकटवलीये, ती उद्या पहिल्यांदा उतरवून घ्यायची आहे.

बॅग भरून झाली. सेकंद काटा असलेलं घड्याळ (आईने दिलं, मोबाइल बघून श्वास मोजायचा नाही म्हणाले मीच तिला), तीन पेनं, खिशात बसेल अशी छोटी वही, बंद बूट, रजिस्ट्रेशनची झेरॉक्स. सिस्टरना विचारायचंय की माझ्या बाजूच्या खोल्यांमध्ये कोणाला पातळच द्यावं लागतं, कोण कमी ऐकतं, रात्री कोण उठून चालायला लागतं.

लसीचं कार्ड राहिलं. तिसऱ्या डोसची तारीख बघायची आहे, ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात असेल.