टोपीखालचं कोण?

टेबलावर एक टोपी पडून आहे. अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी, राखाडी, मधोमध टोक आणि टोकापासून कडेपर्यंत उतरलेले कंगोरे. लिंपेट, म्हणजे समुद्रकाठच्या कातळाला चिकटून राहणाऱ्या प्राण्याचं कवच. शंख म्हणावा तर पीळ नाही, शिंपला म्हणावा तर दुसरी झडप नाही. कूळ मात्र गोगलगायीचं. जुन्या बटणांच्या डब्यात सापडलं, आणि नाव लावायचंच म्हणून मी हट्टाला पेटलो.

प्रजातीपर्यंत माणूस कसाबसा पोचतो. उपजातीला तिसरं नाव लागतं: सेलाना रेडिएटा कॅपेन्सिस, असं. शाळेच्या हजेरीसारखं आडनाव आधी, आणि सगळं भांडण शेवटच्या नावावरून.

आधी पाठ वाचायला घेतली. कंगोरे मोजले; दोनदा मोजले तर दोन आकडे आले. मग उंची मापली. पण उंची कुळापेक्षा पत्ताच जास्त सांगते. ओहोटीत तासन्‌तास उघडं पडणारं, किनाऱ्याच्या वरच्या अंगाचं लिंपेट ओल राखायला कातळाला आवळून बसतं. कवच घडवणारी मऊ कड त्यामुळे आत ओढली जाते आणि टोपी उंच होत जाते. खालच्या अंगाचं ऐसपैस पसरतं. कवचाची कड तर त्या एका खडकाच्याच मापाची, कारण लोहखनिजाच्या दातांनी शेवाळ खरवडून झालं की स्वारी पुन्हा आपल्याच खाचेत येऊन बसते. भूमध्य समुद्रातल्या पटेला फेरुजिनियाची उंच ती रूक्सी आणि चपटी ती लामार्की अशी दोन रूपं मानली जात. जनुकं तपासली, तर दोन्ही एकच.

म्हणून टोपी उलटी केली. पाठ लाटांनी झिजते, रंग आत टिकतो. आत स्नायूचा ठसा असतो, घोड्याच्या नालासारखा. नालाचं तोंड जिकडे, तिकडे प्राण्याचं डोकं. तेच तोंड उजव्या कुशीला असेल तर तो सायफोनेरिया, हवेत श्वास घेणारा तोतया. माझं तोतया नाही, एवढं ठरलं. (त्या आनंदात मी चहा गार केला.)

पुढे मात्र गाडी अडली. युरोपातल्या पटेला वल्गाटाला लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलं, तरी तिला पटेला डिप्रेसापासून वेगळं काढायला जाणकार आजही टोपीखालच्याला बघतात: डिप्रेसाचा पाय काळपट, कडेच्या स्पर्शिका खडूसारख्या पांढऱ्या. माझ्या टोपीखालचं केव्हाच गेलं. शिवाय उपजाती म्हणजे बहुधा एका प्रदेशापुरता गट. कवचाआधी विचारायचं ते गाव. आणि हे मी कुठल्या किनाऱ्यावर उचललं, कातळावर किती उंचीवरून, काही म्हणता काही आठवत नाही. तेव्हा फक्त सुंदर दिसलं म्हणून खिशात टाकलं होतं.

चिठ्ठी केली आहे. पहिलं नाव शाईने, दुसरं पेन्सिलने. तिसऱ्यासाठी जागा सोडली आहे, आणि गावासाठीही.